पाटीवर लिनक्स, आत विंडोज

‘एक सेकंद थांब.’ संगणकाला यापेक्षा सोपं काम सांगता येणं कठीण. लिनक्समध्ये त्यासाठी ‘स्लीप’ नावाची कमांड आहे. ‘स्लीप १’ असं लिहिलं की ती एक सेकंद काहीही करत नाही आणि मग निमूटपणे संपते. एप्रिल २०२० मध्ये उबुंटू या लिनक्स-वितरणाची २०.०४ ही आवृत्ती आली, आणि काही जणांच्या संगणकांवर एवढंसुद्धा जमेना. कमांड थांबायचीच नाही. लगेच परत येऊन तक्रार करायची की घड्याळ वाचता येत नाही, दिलेला तपशील अवैध आहे. पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ मात्र बिनचूक चाललेलं असायचं. हीच उबुंटू दुसऱ्या संगणकांवर नीट एक सेकंद थांबत होती.

अडचण आलेले लोक उबुंटू चालवत होते ती विंडोज १० च्या आत. तिथे फायली, कमांडी, रंगीत टर्मिनल, सगळं लिनक्सचं होतं. नव्हतं ते फक्त लिनक्सचं कर्नल, म्हणजे ज्याच्यावर बाकी सगळं उभं असतं तेच. अशा ठिकाणी येऊन पडलेल्या प्रोग्रॅमने आपण कुठे आहोत हे ओळखायचं कसं, आणि ओळखल्यावर करायचं काय, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा बराच अवघड आहे.

मागणी एकाकडे, पुरवठा दुसऱ्याकडून

कुठलाही प्रोग्रॅम स्वतःच्या बळावर फारसं काही करू शकत नाही. फाइल उघडायची, नेटवर्कवर काही पाठवायचं किंवा थोडा वेळ झोपायचं, तर त्याला कर्नलकडे मागणी करावी लागते. या मागणीला ‘सिस्टिम कॉल’ म्हणतात. लिनक्सच्या कर्नलला असे तीनशेहून अधिक कॉल समजतात. प्रत्येकाला एक क्रमांक असतो, सोबत कोणता तपशील द्यायचा हे ठरलेलं असतं आणि काम फसलं तर कोणता त्रुटी क्रमांक परत येईल हेही ठरलेलं असतं. विंडोजच्या कर्नलचे कॉल वेगळे, त्यांचे संकेत वेगळे.

मार्च २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज सबसिस्टिम फॉर लिनक्स’, थोडक्यात डब्ल्यूएसएल, जाहीर केली आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ती विंडोज १० च्या अपडेटमधून लोकांपर्यंत पोचली. गरज उघड होती. हिंजवडी असो वा बंगळुरू, कंपनीने हातात दिलेला लॅपटॉप विंडोजचा असतो आणि आपलं काम शेवटी जिथे चालणार ते सर्व्हर लिनक्सचे असतात. अँड्रॉइडची अ‍ॅप विंडोज फोनवर चालवण्याचा ‘अ‍ॅस्टोरिया’ हा प्रकल्प मायक्रोसॉफ्टने गुंडाळला होता. त्यातलं तंत्र इथे कामाला आलं.

पहिल्या आवृत्तीत उबुंटूचे प्रोग्रॅम जसेच्या तसे, एक बाइटही न बदलता, विंडोजवर चालत. प्रोग्रॅमने लिनक्सचा कॉल केला की विंडोजमध्ये बसवलेला एक ड्रायव्हर तो मधेच पकडायचा, तेच काम विंडोजच्या कर्नलकडून करून घ्यायचा आणि उत्तर लिनक्सच्या संकेतांप्रमाणे परत द्यायचा. लिनक्स कर्नलची एक ओळही त्यात नव्हती. अभियांत्रिकी म्हणून मला ही पहिली आवृत्ती नंतरच्या दुसरीपेक्षा जास्त धाडसी वाटते.

पण तीनशेहून अधिक कॉल, आणि त्यातला प्रत्येक हुबेहूब वठवायचा म्हणजे कुठेतरी निसटणारच. लिनक्सवर उघडी असलेली फाइल खुशाल पुसता येते. विंडोजचा स्वभाव तसा नाही. लिनक्सवर प्रोग्रॅम स्वतःची प्रत काढून दुसरा प्रोग्रॅम जन्माला घालतो, विंडोजवर ही रीत नाही. एखादी फाइल बदलली की प्रोग्रॅमला कळवणारी ‘आयनोटिफाय’ ही सोय सुरुवातीला नव्हतीच. ती २०१७ च्या अपडेटमध्ये आली.

आता ‘स्लीप’चं कोडं सुटतं. प्रोग्रॅम आणि कर्नल यांच्या मध्ये ‘जीलिबसी’ नावाची एक लायब्ररी असते आणि बहुतेक सगळे प्रोग्रॅम तिच्यामार्फतच कर्नलशी बोलतात. फेब्रुवारी २०२० मध्ये आलेल्या तिच्या २.३१ या आवृत्तीत थांबण्यासाठीचा जुना कॉल सोडून त्याच कामाचा दुसरा, अधिक नेमका कॉल वापरायला सुरुवात झाली. कोणत्या घड्याळाने मोजायचं हे त्या कॉलमध्ये सांगावं लागतं. खऱ्या लिनक्सला तो वर्षानुवर्षं ठाऊक होता. डब्ल्यूएसएलच्या ड्रायव्हरलाही तो ठाऊक होता, फक्त जीलिबसीने सांगितलेलं ‘तारीख-वेळेचं घड्याळ’ त्याने कधी शिकून घेतलं नव्हतं. तोवर कुणी मागितलंच नव्हतं!

परिणाम मात्र मोठा झाला. उबुंटू अद्ययावत करताना चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये मधेच कुठेतरी ‘एक सेकंद थांब’ असतं, आणि तिथे सगळं अपडेटच अडकायचं. लोकांनी काढलेली एक पळवाट अशी होती, की मूळ ‘स्लीप’ बाजूला सारायची आणि त्या जागी त्याच नावाची रिकामी फाइल ठेवायची. ती थांबत नाही, पण तक्रारही करत नाही.

दारावरची पाटी

भाड्याच्या घरात राहायला गेल्यावर पाण्याची स्थिती दोन प्रकारे कळते. एक, दारावरची पाटी वाचायची आणि ‘या सोसायटीत पाणी सकाळीच येतं म्हणे’ असा अंदाज बांधायचा. दुसरी पद्धत म्हणजे सरळ नळ सोडून पाहायचा. भोवतालचं वातावरण ओळखणाऱ्या प्रोग्रॅमपुढेही हेच दोन मार्ग असतात.

पाटी सोपी असते. लिनक्समध्ये ‘प्रॉक’ नावाचा एक फोल्डर असतो. त्यातल्या फायली डिस्कवर नसतात, वाचायला गेलं की कर्नल त्या जागच्या जागी तयार करून देतं. त्यातली ‘व्हर्जन’ ही फाइल उघडली की कर्नलची आवृत्ती दिसते. डब्ल्यूएसएलच्या पहिल्या आवृत्तीत तिथे ४.४.० असा आकडा, विंडोजचा बिल्ड क्रमांक आणि ‘मायक्रोसॉफ्ट’ हा शब्द दिसतो. हा ४.४.० आकडा गमतीचा आहे. जे कर्नल तिथे नाहीच, त्याची ही आवृत्ती! सुरुवातीच्या चाचणी आवृत्त्या तर ३.४.० सांगत. उबुंटू १६.०४ सोबत येणारं कर्नल ४.४ चं होतं, त्याच्या जवळपास वागण्याची ही हमी आहे एवढाच त्या आकड्याचा अर्थ. पण तो लिहावा लागलाच, कारण जीलिबसी तेव्हा सुरू होताना हा आकडा वाचायची आणि फार जुना वाटला तर ‘कर्नल जुनं आहे’ म्हणून चालायलाच नकार द्यायची.

मग ‘मायक्रोसॉफ्ट’ शब्द सापडला की आपण डब्ल्यूएसएलमध्ये आहोत, अशी एका ओळीची तपासणी शेकडो स्क्रिप्टांमध्ये शिरली. सोपी होती, चालतही होती.

मे २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने दुसरी आवृत्ती जाहीर केली आणि वर्षभराने ती विंडोजमध्ये आली. या आवृत्तीत कॉलचं भाषांतर बंद झालं. विंडोजच्या आत एक हलकं आभासी यंत्र आणि त्यात मायक्रोसॉफ्टने स्वतः बांधलेलं खरं लिनक्स कर्नल. पाटीवरचं नाव कायम राहिलं, बदलला तो फक्त इंग्रजी ‘एम’. पहिल्या आवृत्तीत तो मोठ्या लिपीतला होता, दुसरीत छोट्या लिपीतला झाला. देवनागरी वाचणाऱ्याला हा फरक जाणवणारही नाही, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द.

त्यातून एकाच वेळी दोन उलट्या चुका सुरू झाल्या. अक्षराचा आकार पाहणाऱ्या स्क्रिप्टांना दुसरी आवृत्ती ओळखूच येईना. त्या स्वतःला साध्या लिनक्सवर समजून ब्राउझर उघडायला निघायच्या आणि तिथे ब्राउझरच नसायचा. ज्या स्क्रिप्टा अक्षराच्या आकाराकडे बघत नव्हत्या, त्यांनी दुसऱ्या आवृत्तीलाही पहिलीच मानलं आणि भाषांतराच्या दोषांवरचे उपाय अस्सल कर्नलवर लागू केले.

कंटेनर वापरणाऱ्यांच्या वाट्याला तिसरा गोंधळ आला. डॉकरचा कंटेनर ही प्रोग्रॅमसाठीची वेगळी, बंदिस्त जागा असली तरी त्याला स्वतःचं कर्नल नसतं, तो यजमानाचंच वापरतो. त्यामुळे डब्ल्यूएसएलमधल्या कंटेनरातून पाहिलं तरी पाटी मायक्रोसॉफ्टचीच दिसते. पण विंडोजचे प्रोग्रॅम तिथून हाकता येत नाहीत, ‘सी’ ड्राइव्हही आपोआप जोडलेला नसतो. पाटी खरी आणि तरी निष्कर्ष चुकीचा. जावास्क्रिप्टच्या जगात यासाठी ‘इज-डब्ल्यूएसएल’ नावाचं एक छोटं पॅकेज आहे. ते म्हणूनच पाटीबरोबर आपण कंटेनरात तर नाही ना, हेही पाहतं.

नळ सोडून पाहणं

दुसऱ्या मार्गाचं मला सापडलेलं सर्वांत चांगलं उदाहरण पोस्टग्रेस या डेटाबेसचं आहे.

डेटाबेसला माहिती डिस्कवर खरोखर लिहिली गेली याची खात्री हवी असते. २०१८ मध्ये पोस्टग्रेसच्या लोकांना एक धक्कादायक गोष्ट उमगली. लिनक्सवर असं लेखन एकदा फसलं आणि पुन्हा विचारलं, तर दुसऱ्या वेळी कर्नल ‘सगळं ठीक’ म्हणू शकतं आणि माहिती मात्र गेलेली असते. म्हणून त्यांनी ठरवलं की असं अपयश दिसलं की पुन्हा प्रयत्न करायचा नाही, डेटाबेस तत्काळ बंद पाडायचा आणि नोंदवहीवरून माहिती नव्याने उभी करायची. फेब्रुवारी २०१९ च्या आवृत्त्यांत हा बदल आला.

आणि डब्ल्यूएसएलवरचे पोस्टग्रेस धडाधड कोसळू लागले. माहिती हळूहळू डिस्ककडे ढकलायला लावणारा एक कॉल पोस्टग्रेस वापरतं. डब्ल्यूएसएलने तो लिहिलाच नव्हता. आधी त्यामुळे फक्त इशाऱ्यांचा पाऊस पडायचा आणि लोक तिकडे दुर्लक्ष करायचे. नव्या कडक नियमाने तेच अपयश प्राणघातक ठरलं.

इथे ‘मायक्रोसॉफ्ट शब्द दिसला तर हा कॉल करू नकोस’ अशी ओळ घालणं पाच मिनिटांचं काम होतं. पोस्टग्रेसने ती घातली नाही. त्यांनी परत येणारा त्रुटी क्रमांक पाहिला. लिनक्सच्या संकेतांत ३८ म्हणजे ‘हा कॉल इथे नाहीच’. ३८ आला तर एकदाच इशारा द्यायचा, ती गोष्ट लक्षात ठेवायची आणि पुन्हा तो कॉल करायचा नाही. दुसरा कुठलाही क्रमांक आला तर ते खरं अपयश, तिथे कडक नियम लागू. ही तपासणी विंडोजच्या नावावर मुळीच अवलंबून नाही. उद्या दुसऱ्या कुणी लिनक्सची नक्कल केली आणि हाच कॉल विसरला, तरी पोस्टग्रेस तिथे चालेल. डब्ल्यूएसएलने उद्या तो कॉल लिहिला, तर काहीही न बदलता पोस्टग्रेस तो वापरू लागेल.

मग जीलिबसीला ‘स्लीप’च्या बाबतीत हेच का करता आलं नाही? कारण डब्ल्यूएसएलने तिथे ३८ दिलाच नाही, २२ दिला. २२ म्हणजे ‘तुम्ही दिलेला तपशील चुकीचा आहे’. असं उत्तर कुणी ऋण सेकंद थांबायला सांगितलं तरी येतं. जीलिबसीच्या दृष्टीने चूक प्रोग्रॅमची ठरली आणि तिने ती प्रामाणिकपणे त्याच्याकडे पोचवली. म्हणजे नळ सोडून पाहण्याची पद्धत समोरचा नकार कसा देतो यावर अवलंबून असते. नक्कल करणाऱ्याला सगळं जमणार नाही, हे गृहीतच आहे. पण जे जमत नाही त्याला स्पष्ट ‘नाही’ म्हणणं तरी त्याच्या हातात असतं. माझ्या मते अर्ध्या कॉलना नीट ३८ देणारी नक्कल ही सगळे कॉल अर्धवट वठवणाऱ्या नकलेपेक्षा कितीतरी बरी.

नळ सोडूनही कळत नाही तेव्हा

काही दोष मात्र तपासून सापडत नाहीत. डब्ल्यूएसएलच्या दुसऱ्या आवृत्तीत विंडोजचा ‘सी’ ड्राइव्ह लिनक्सला जोडलेला असतो, पण तो एका नेटवर्क-प्रोटोकॉलच्या आडून. वेबसाइट बनवणारी साधनं फोल्डरवर लक्ष ठेवतात आणि फाइल बदलली की पान आपोआप ताजं करतात. समजा प्रकल्प ‘सी’ ड्राइव्हवर आहे आणि फाइल विंडोजच्या एडिटरमध्ये बदलली. लक्ष ठेवण्याची विनंती कर्नल स्वीकारतं, त्रुटी क्रमांक येत नाही, सगळं सुरळीत दिसतं. फक्त बदलाची खबर कधीच येत नाही. न आलेल्या खबरीची वाट किती वेळ बघायची? ‘अजून काही बदललंच नाही’ आणि ‘बदललं पण कळलं नाही’ यांत प्रोग्रॅमला फरक करता येत नाही. मंदपणाचंही असंच. त्याच ड्राइव्हवर हजारो छोट्या फायली वाचणं फार संथ असतं, पण ते आधी कोणताही कॉल सांगत नाही.

अशा वेळी पाटी वाचावी लागते. तरीसुद्धा घराची पाटी वाचण्यापेक्षा त्या एका खोलीची वाचलेली बरी. ‘मी डब्ल्यूएसएलमध्ये आहे का’ हा प्रश्न इथे नको तितका मोठा आहे. हवा तो ‘हा विशिष्ट फोल्डर कोणत्या प्रकारच्या फाइल-व्यवस्थेवर आहे’ हा, आणि त्याचं खरं उत्तर कर्नल देतं. प्रकल्प लिनक्सच्या स्वतःच्या डिस्कवर असेल तर खबर नीट येते आणि काहीच उपाय लागत नाही. प्रोटोकॉलच्या आडच्या ड्राइव्हवर असेल, तर खबरीची वाट सोडून ठरावीक वेळाने फायली स्वतः तपासायच्या. त्यात प्रोसेसर जास्त खर्ची पडतो, पण काम होतं.

ब्राउझर उघडण्याची गोष्टही नावाशिवाय भागत नाही. लिनक्सवर दुव्याची विनंती डेस्कटॉपकडे जाते. डब्ल्यूएसएलमध्ये ती विंडोजच्या बाजूला पाठवावी लागते. इथेही आधी लिनक्सची रीत करून पाहून, ती फसल्यावरच विंडोजकडे वळणारे प्रोग्रॅम अधिक टिकाऊ ठरलेत.

---
चौकट: ओळख पटवायचीच असेल तर

‘प्रॉक’ फोल्डरातली आवृत्तीची फाइल वाचावी, पण अक्षर मोठं की छोटं यावर विसंबू नये. डब्ल्यूएसएल प्रत्येक सत्रात वितरणाचं नाव एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवते. तेही उपयोगी पडतं, मात्र ‘सुडो’ने, म्हणजे व्यवस्थापकाच्या अधिकाराने, चालवलेल्या प्रोग्रॅमला ते सहसा दिसत नाही, कारण सुडो बहुतेक व्हेरिएबलं गाळून टाकतं. विंडोजचे प्रोग्रॅम हाकायचे असतील तर ती सोय चालू असल्याची नोंद कर्नलमध्ये वेगळी सापडते, तीच तपासावी. सिस्टिमडी असलेल्या वितरणांत ‘सिस्टिमडी-डिटेक्ट-व्हर्ट’ ही कमांड थेट ‘डब्ल्यूएसएल’ असं उत्तर देते. कंटेनरात आहोत का, हे या सगळ्याआधी पाहावं.
---

पाट्या खोट्याही असतात

डब्ल्यूएसएल निदान आपलं नाव सांगते. सगळे तसे नसतात. फ्रीबीएसडी या प्रणालीत नव्वदच्या दशकापासून लिनक्सचे प्रोग्रॅम चालवण्याची सोय आहे. तिथे लिनक्सची कोणती आवृत्ती असल्याचं सांगायचं, तो आकडा व्यवस्थापकाला हवा तसा लिहिता येतो. जीलिबसी ‘कर्नल जुनं’ म्हणून अडायची, तेव्हा आकडा वाढवला जायचा. कर्नल तेच राहायचं, जीलिबसीचं समाधान व्हायचं. गूगलचं ‘जीव्हायझर’ हे सुरक्षेसाठी लिनक्सची नक्कल करणारं साधनही ४.४.० असाच आकडा सांगत आलं आहे. त्याची खरी ओळख कर्नलच्या संदेशांच्या यादीत पटते. तिथे त्याच्या कर्त्यांनी स्वतःचं नाव आणि काही थट्टेच्या ओळी लिहून ठेवल्या आहेत.

उलट दिशेची नक्कल म्हणजे वाइन, लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं. त्याच्या एका मुख्य लायब्ररीत वाइनची आवृत्ती सांगणारं फंक्शन उघड ठेवलेलं आहे. त्यावरून वाइन ओळखून प्रोग्रॅम वेगळे वागू लागले, तेव्हा वाइनच्या एका प्रायोगिक शाखेत ते फंक्शन लपवण्याची सोय आली.

खुद्द अस्सल लिनक्सवरही हा प्रसंग आला. जुलै २०११ मध्ये २.६.३९ नंतर कर्नलची आवृत्ती थेट ३.० झाली. त्या उडीमागे फारसं काही नव्हतं, फक्त आकडा बदलला. पण आवृत्ती ‘२.६’नेच सुरू होणार असं धरून चाललेले प्रोग्रॅम मोडले. त्यात असे प्रोग्रॅमही होते जे मूळ कोडाशिवाय, फक्त बायनरी रूपातच मिळत. म्हणून त्याच वर्षी कर्नलमध्ये एक सोय घालण्यात आली. विशिष्ट प्रोग्रॅमपुरतं ३.० ने स्वतःला २.६.४० म्हणवून घ्यायचं, ३.१ ने २.६.४१, असं.

याहून विचित्र प्रकार लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्ये आहे. यंत्र सुरू झाल्यावर फर्मवेअरमधला कोड कर्नलला विचारतो की तू विंडोजच्या अमुक आवृत्तीसारखा वागतोस का. लिनक्स ‘हो’ म्हणतं. लॅपटॉप बनवणारे चाचणी बहुतांशी विंडोजवर करतात, त्यामुळे फर्मवेअरमधला विंडोजचा रस्ताच सर्वांत जास्त वापरून गुळगुळीत झालेला असतो. ‘तू लिनक्स आहेस का’ असंही विचारता येतं. काही उत्पादक ते विचारून त्या-त्या वेळच्या लिनक्समधल्या उणिवांवर उपाय करू लागले. पण उणीव पुढच्या काही महिन्यांत कर्नलमध्ये दुरुस्त व्हायची आणि फर्मवेअरमधला उपाय तसाच राहून नवी अडचण करायचा. शेवटी कर्नलकर्त्यांनी लिनक्सला स्वतःच्या नावाला ‘नाही’ म्हणायला लावलं.

२०१५ च्या डेल एक्सपीएस १३ मध्ये यावरही तोडगा निघाला होता. नाव विचारून उपयोग नाही, तर एका वेगळ्याच मानकाची कितवी आवृत्ती पाळतोस हे फर्मवेअर विचारायचं. विंडोज २ सांगायचं आणि लिनक्स ५, एवढ्यावरून दोघं वेगळे कळायचे. त्यावरून आवाजाची यंत्रणा कोणत्या पद्धतीने जोडायची हे ठरायचं. कर्नलकर्त्यांनी मग तेही उत्तर बदलून कायमचं २ करून टाकलं. पण त्याने त्या लॅपटॉपचा आवाज लिनक्सला तेव्हा नीट न जमणाऱ्या पद्धतीकडे वळला असता. म्हणून कर्नलमध्ये आणखी एक यादी आली. सुरू होताना यंत्राच्या निर्मात्याचं आणि मॉडेलचं नाव वाचायचं, आणि ते ‘डेल’, ‘एक्सपीएस १३ ९३४३’ असं निघालं तर मात्र ५ सांगायचं.